परत ठेवलेली कॉफी

मित्रांनो, दुकानात तुम्ही कॉफीची बरणी उचलायला गेलात आणि ती जाड, आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकच्या पेटीत बंद निघाली, तर ती पेटी म्हणजे मी असेन, नाहीतर माझी एखादी बहीण. आता मी जुनी झाले आहे. अंगभर ओरखडे आहेत, एका कोपऱ्याला चीर गेली आहे, आणि पाठीवर किमतीच्या पिवळ्या चिठ्ठीचा अर्धा कागद चिकटून राहिला आहे. तो खरवडून काढायचं कुणाच्या मनात आलं नाही. माझीही त्याबद्दल तक्रार नाही. मला फारसं कशाचं काही वाटत नाही, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे तुमचा विरस व्हायला नको.

माझा जन्म एका साच्यात झाला. गरम प्लास्टिक आत आलं, गार झालं, झाकण बसलं. झाकणाला कडी लावली, ती लोहचुंबकाशिवाय उघडत नाही. पोटाच्या तळाशी एक धातूची पट्टी चिकटवली. दुकानाच्या दारात दोन खांब असतात, त्यांच्यामधून ही पट्टी गेली की खांब कर्कश ओरडतात. एवढंच माझं शिक्षण. मग मी माझ्यासारख्याच शेकडो बहिणींबरोबर खोक्यात बसून आले ती थेट थॉर्नक्लफला, इंग्लंडच्या लँकशर भागातल्या एका छोट्या गावात. एके काळी तिथे कापडाच्या गिरण्या होत्या. आता बंद पडलेली बँक, एक केशकर्तनालय आणि आमचं दुकान.

सुरुवातीला माझ्या पोटात दाढीच्या पात्यांची पाकिटं असायची. लहान वस्तू, महाग, सहज खिशात जाणारी. तेव्हा आम्हा पेट्यांना जरा मान होता. गिऱ्हाईक आम्हाला हातात घेऊन उलटसुलट बघायचं आणि "बापरे!" म्हणायचं. मग पात्यांच्या जागी कॉफी आली. मग चीज आलं. एका हिवाळ्यात लोणी आलं, तेव्हा काउंटरवरची नसरीन मला उघडता उघडता मोठ्याने हसली होती.

"घ्या! लोण्यालाही तुरुंगात टाकलं. उद्या पावाला बेड्या घालतील."

नसरीन त्या दुकानात सगळ्यांत जुनी. दुकानाची पाटी दोनदा बदलली, मालक बदलले, पण काउंटरच्या मागे तीच. तिचे आईवडील गिरणीत कामाला म्हणून पाकिस्तानातल्या मीरपूरहून आले होते, ती मात्र थॉर्नक्लफमध्येच जन्मली, आणि गावातल्या इतर बायकांसारखीच येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला "राणी" नाहीतर "राजा" म्हणायची. मॅनेजर डंकन तिच्यापेक्षा बराच लहान. सदा घाईत, सदा काळजीत, उभ्याउभ्याच काहीतरी खाणारा.

रिकाम्या पेट्या काउंटरखालच्या ट्रेमध्ये टाकतात. त्यामुळे माझं निम्मं आयुष्य या दोघांचं बोलणं ऐकण्यात गेलं. आणि बोलणं बहुतेक एकाच गोष्टीवर.

"चोरी वाढलीय," डंकन म्हणायचा. "डोळ्यांदेखत वाढलीय. तू बातम्या बघत नाहीस का?"

"बघते की. आपण वर कळवायचं, ते बातमीत सांगणार, आणि मग बातमी बघून आपणच घाबरायचं."

"म्हणजे सगळं खोटंच?"

"खोटं कुठे म्हटलं मी? अरे, मी इथे लागले तेव्हाही लोक माशांचे डबे कोटाच्या अस्तरात घालून न्यायचे. एक बाई तर बाळगाडीत बाळाच्या जागी कोंबडी घालून न्यायची, वर झबलं पांघरून. पोलिसांना फोन केला की विचारायचे, मारामारी झाली का? नाही? मग ठेवा. शेवटी आम्ही फोन करायचाच बंद केला. तेव्हा कुणी मोजलं नाही. आता शिंकलं तरी मोजतात."

"म्हणजे वाढली नाही."

"वाढली असेलही. मला काय ठाऊक! तुला तरी कुठे ठाऊक आहे?"

मित्रांनो, हा वाद मी इतक्या वेळा ऐकला की त्याचे शब्द मला पाठ झाले. मोठ्या शहरांतले मोठे लोकही याच्यावरच भांडतात, असं टीव्हीवरून कळायचं. एक म्हणतो चोर वाढले, दुसरा म्हणतो नोंदी वाढल्या. मी चोरीच्याच धंद्यातली, तरी मलाही सांगता येणार नाही.

पण एक गोष्ट मी स्वतः पाहिली. एक दिवस टोपी डोळ्यांवर ओढलेला एक माणूस आला आणि फ्रिजमधलं सगळं मटण त्याने निवांतपणे मोठ्या पिशवीत भरलं. दुकानाचा नियम असा, की कुणी अडवायचं नाही. नसरीनला नियम माहीत होता. तरी पाय पुढे गेले. त्याने तिला ढकललं. ती ट्रॉलीवर पडली आणि तिचं मनगट मोडलं. तो पळालासुद्धा नाही, चालत गेला.

डंकन त्या दिवशी पांढराफटक पडला होता. त्याने वरच्या ऑफिसकडे रखवालदार मागितला. उत्तर आलं, की ज्या शाखेत चोऱ्या जास्त त्याच शाखेला रखवालदार मिळतो, तुमच्या चोऱ्या कमी दिसतात. तेव्हापासून डंकनने ठरवलं. माल मोजायच्या यंत्रात 'चोरी' असं एक नवं बटण आलं होतं. कपाटात एखादी वस्तू कमी भरली की तो ते दाबायचा. बरणी फुटून कचऱ्यात गेली, दाब चोरी. दही नासलं, दाब चोरी. गोदामातून आलंच नाही, तरी चोरी.

"हे बरोबर नाही रे," हाताला प्लास्टर घातलेली नसरीन म्हणाली.

"तुझा दुसरा हात मोडायची वाट बघू का?" डंकन म्हणाला.

खरं सांगायचं तर त्याचा हेतू चांगला होता. थोड्याच महिन्यांत थॉर्नक्लफची शाखा चोऱ्यांत आजूबाजूच्या सगळ्या गावांच्या पुढे गेली आणि आम्हाला रखवालदार मिळाला. त्याचं नाव ओसाझे. उंच, शांत, घशात कायम सर्दी भरल्यासारखा घोगरा आवाज. त्याच्याबरोबर दारावर एक नवा कॅमेराही आला. तो माणसांचे चेहरे लक्षात ठेवायचा. ज्याच्यावर चोरीचा ठपका, त्याचा चेहरा दिसला की ओसाझेच्या फोनवर सूचना यायची.

दारातले खांब मात्र आधीपासून होते तसेच मूर्ख. ते लायब्ररीच्या पुस्तकाला ओरडायचे, किल्ल्यांना ओरडायचे, नव्या बुटांना ओरडायचे. खांब ओरडले की थॉर्नक्लफचा माणूस जागच्या जागी थबकायचा, कानापर्यंत लाल व्हायचा आणि कुणी काही विचारायच्या आत माफी मागायचा. ओसाझे हात हलवून म्हणायचा, "जा, मॅडम, जा. काही नाही." पुढे पुढे तो बघेनासा झाला. ओरडणं तेवढं चालू राहिलं.

आता मिसेस ऑलिव्ह हेस्केथ यांच्याबद्दल सांगते.

त्या रोज सकाळी दुकानात यायच्या. घराबाहेर चालत जाता येईल असं तेवढं एकच दुकान होतं, आणि नवरा गेल्यापासून दिवसभरात त्या ज्या माणसांशी बोलायच्या ती बहुतेक तिथलीच. आयुष्यभर त्यांनी गावच्या शाळेत स्वयंपाकघरात काम केलं होतं. कोटाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं, डोक्यावर विणलेली टोपी. रांगेत मागच्याच्या हातात एखादीच वस्तू दिसली की त्याला पुढे जा म्हणायच्या. असं करता करता कधी कधी त्या रांगेच्या शेवटी पोचायच्या.

त्या स्वतः चहाच्या. कॉफी घ्यायच्या ती त्यांचे दीर क्लिफर्ड यांच्यासाठी. ते दर गुरुवारी यायचे आणि त्यांना कॉफीच लागायची. तर त्या दिवशी त्यांनी बरणी उचलली. बरणी माझ्या पोटात होती.

नसरीन हात दाखवायला दवाखान्यात गेली होती. काउंटर बंद. आपलं आपण बिल करायची यंत्रं तेवढी चालू. मिसेस हेस्केथ यांनी पाव, अंडी आणि मला यंत्रासमोरून फिरवलं, कार्ड टेकवलं, आणि यंत्राला "थँक यू" म्हणाल्या. माझं कुलूप काढायला कुणीतरी यायला हवं होतं. त्यासाठी वर लाल दिवा लागला. थोडा वेळ लुकलुकला आणि कुणी आलं नाही म्हणून विझला. यंत्राने विचारलं, पावती हवी का? त्यांच्या मागे एक माणूस उभा होता. त्याचा वेळ जाऊ नये म्हणून त्यांनी 'नको' दाबलं.

दारात खांब ओरडले. त्या थबकल्या, लाल झाल्या. ओसाझेने हात हलवला.

"जा, मॅडम. काही नाही."

आणि मी, जिने कधी दुकानाची फरशी सोडली नव्हती, एका म्हाताऱ्या बाईच्या पिशवीतून घरी निघाले. पैसे दिलेले होते. कॉफी त्यांची होती. पण मी त्यांची नव्हते. सगळा घोळ एवढ्यातच होता.

घरी त्यांनी मला ओट्यावर ठेवलं. झाकण ओढून पाहिलं, फिरवून पाहिलं. मग सुरी आणली. सुरीचं टोक माझ्या फटीत घातलं, आणि तिथेच हात थांबला.

"ही त्यांची आहे," त्या मला म्हणाल्या. "ही मोडली तर मग चोरीच की."

सुरी जागेवर गेली. सकाळी उठून परत न्यायची, एवढं साधं ठरलं. सकाळी त्या मला घेऊन निघाल्या, दुकानासमोरच्या फुटपाथपर्यंत आल्या. काचेवर नवं पोस्टर लावलं होतं. त्यावर कॅमेऱ्याचा मोठा डोळा आणि खाली 'आम्ही तुम्हाला पाहतो आहोत'. पिशवीतून मला त्यांचे गुडघे तेवढे दिसत होते. ते बराच वेळ हलले नाहीत. आत गेलं की खांब ओरडणार. मग सांगावं लागणार, की मी पैसे दिले होते. पावती? पावती नाही. आणि हे सगळं भरल्या दुकानात, शाळेत ज्यांना वाढलं त्यांच्या पोरांदेखत. त्या वळल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच झालं. त्याच्या पुढच्या दिवशी तर त्या कोपऱ्यावरूनच परतल्या.

आणि गुरुवार उजाडला.

क्लिफर्ड यायच्या जरा आधी त्यांनी मला उचललं, पुसायच्या फडक्यात गुंडाळलं आणि ओव्हनमध्ये ठेवलं. ओव्हन गार होता. आत अंधार, पण ऐकू सगळं येत होतं.

"चहा?" क्लिफर्ड म्हणाले. "माझी कॉफी कुठे गेली?"

"संपली."

"तुझ्या घरात? ऑलिव्ह, तुझ्या घरात काही संपलेलं मी उभ्या जन्मात पाहिलं नाही."

"दुकानातही नव्हती."

"नसणारच! चोरांनी नेली असेल. पेपरात वाचलं नाहीस? दिवसाढवळ्या पिशव्या भरभरून नेतात. आमच्या वेळी चोराला निदान लाज तरी होती. मी म्हणतो, एकेकाचे फोटो चौकात लावा. आईबापांच्या नावासकट."

"कुणाकडून चुकूनही होत असेल."

"चुकून! कुलूप लावलेली पेटी चुकून कोण घरी नेतं? सांग ना, कोण नेतं?"

कपबशी वाजली.

"हे पॅटिस गार आहे गं," थोड्या वेळाने क्लिफर्ड म्हणाले. "जरा लाव की ओव्हन."

"बिघडलाय."

"गेल्या गुरुवारी तर बरा होता. काय झालंय बघू तरी. माझ्या हातात—"

खुर्ची सरकली. पावलं जवळ आली. फडक्याआडून मला उजेडाची एक रेघ दिसली.

"क्लिफर्ड, खाली बस!"

मला वाटतं, त्या बाईने इतक्या मोठ्या आवाजात त्याआधी कधी कुणाला काही सांगितलं नव्हतं. क्लिफर्ड निमूटपणे बसले.

"बरं बाई," ते म्हणाले. "गारच खातो. गारही चांगलं लागतं."

त्या रात्री मिसेस हेस्केथ यांनी मला बाहेर काढलं नाही. पण सकाळी त्यांचं ठरलं होतं. मला आणून सांगायचं नाही. मला गुपचूप ठेवून यायचं. पैसे दिलेले, तर जाऊ देत. कॉफी गेली, तर जाऊ दे. वस्तू जागेवर गेली की आपण मोकळ्या.

त्या मुद्दाम गर्दीच्या वेळी गेल्या. मी पिशवीच्या तळाशी, वर लायब्ररीची दोन पुस्तकं. खांब ओरडले. त्या थांबल्या. ओसाझे एका माणसाला बसचा रस्ता सांगत होता. न बघताच त्याने हात हलवला. मग त्या कॉफीच्या कपाटापाशी आल्या. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पुन्हा डावीकडे पाहिलं. मित्रांनो, मी खरे चोर पाहिलेत. त्यांच्यापैकी एकही त्यांच्याइतका चोरासारखा दिसत नव्हता. त्यांनी मला माझ्या बहिणींच्या मागे सरकवलं आणि सवयीने पुढची रांग सरळ केली.

मग पाव घेतला आणि नसरीनच्या काउंटरवर गेल्या.

"हात कसा आहे गं?"

"बरा आहे, मिसेस हेस्केथ. थंडीत ठणकतो. तुम्ही दिसला नाहीत हो तीन-चार दिवस? मी म्हटलं, कुठे राजवाड्यात जेवायला गेल्या की काय."

मिसेस हेस्केथ हसल्या. त्या काहीतरी सांगणार होत्या, असं मला त्यांच्या आवाजावरून वाटलं. पण मागे लोक होते. पाव घेऊन त्या गेल्या.

त्यांना वाटलं, संपलं. तिकडे डंकनने आधीच कपाट मोजलं होतं. विक्री धरूनही एक कॉफी कमी भरली, बहुधा गोदामातूनच आली नसावी. पेटीही नाही. कॅमेऱ्यात बघितलं तर विणलेली टोपी घातलेली एक बाई, पिशवीत पेटी, दारात खांब ओरडतायत आणि ती चालती झाली. मागून काढलेलं चित्र, चेहरा अर्धाच. त्याने ओळखलं नाही, निदान तेव्हा तरी नाही. रोजच्यासारखं बटण दाबलं आणि चित्र पुढे पाठवलं. बाकीचं काम दुसऱ्या गावातली दुसरी कंपनी करते. दारातल्या कॅमेऱ्यातून पूर्ण चेहरा शोधून तो त्यांनी यादीत घातला.

पुढच्या मोजणीत कॉफी एक जास्त भरली. डंकनने डोकं खाजवलं. कमी भरलं तर यंत्रात बटण होतं. जास्त भरलं तर काहीच नव्हतं.

मिसेस हेस्केथ पुन्हा आल्या तेव्हा मी रिकामी होऊन काउंटरखाली ट्रेमध्ये पडले होते. तिथून दार समोरच दिसतं. ओसाझेचा फोन वाजला. त्याने फोनकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, मग परत फोनकडे.

"मॅडम, जरा थांबता का?"

"वाजलं का काही? मी अजून काही घेतलंच नाही हो."

"वाजलं नाही. मॅडम, तुम्हाला आत येता येणार नाही."

"का? दुकान बंद आहे?"

त्याने फोन असा धरला की फक्त त्यांनाच दिसेल. एवढी सभ्यता त्याच्याकडे होती. त्या आपल्याच चित्राकडे बघत राहिल्या.

"टोपी तिरकी झालीय," त्या म्हणाल्या.

नसरीन काउंटर सोडून धावली. "ओसाझे, काय चाललंय? अरे, या मिसेस हेस्केथ! माझ्या दोन्ही पोरांना शाळेत यांनी जेवायला वाढलंय."

"मी कुठे म्हणतोय, ताई? हा म्हणतोय." त्याने फोन दाखवला.

डंकन आला. त्यांना बघून त्याचाच चेहरा उतरला. आवाज खाली आणून त्याने विचारलं, "मिसेस हेस्केथ, मागे एकदा कॉफीची पेटी तुम्ही बाहेर नेलीत का?"

"नेली."

"कुलपासकट?"

"हो. पण मी ती परत आणून ठेवली. होती तिथेच. जरा मागे."

"परत ठेवली," डंकन म्हणाला. त्याने नसरीनकडे पाहिलं. नसरीनने खाली पाहिलं. चोरलेली वस्तू घाबरून परत ठेवणारे असतात. ते तिलाही माहीत होतं. "मग… नियम आहे हो. माझ्या हातात नाही. माफ करा."

मित्रांनो, तिथे तिघं उभे होते आणि तिघांनाही त्या बाईबद्दल वाईट वाटत होतं. तिघांपैकी एकानेही विचारलं नाही, की पैसे दिले होते का? मिसेस हेस्केथ यांनी तोंड उघडलं. मी पाहिलं. शब्द ओठांवर आला होता. मग त्यांनी मागे वळून बघितलं. दारात एक बाळगाडी अडकली होती, तिच्यामागे दोन माणसं, त्यांच्यामागे आणखी कुणी. उघड्या दारातून गार वारा आत येत होता.

"माझ्यामुळे सगळे खोळंबलेत," त्या म्हणाल्या. "सॉरी हं."

हे त्या डंकनला म्हणाल्या, ओसाझेला म्हणाल्या, बाळगाडीवाल्या बाईला म्हणाल्या. मग बाजूला झाल्या, बाळगाडीला वाट दिली आणि गेल्या. मला वाईट वाटलं. मला वाटतं तेवढं वाटलं.

नसरीन जागेवर येऊन बसली. चार गिऱ्हाइकं तिने एक शब्द न बोलता मोकळी केली. मग ओरडली, "डंकन! दिले असतील रे तिने पैसे!"

"मग बोलली का नाही?"

"तू विचारलंस?"

डंकन आत गेला. यंत्रातली विक्री बघायला त्याला फार वेळ लागला नाही. पाव, अंडी, कॉफी. सगळ्याचे पैसे आलेले होते. बाहेर येऊन तो काउंटरला टेकून उभा राहिला.

"काढून टाक तिचं नाव," नसरीन म्हणाली.

"मला नाही काढता येत. ज्याचा चेहरा आहे त्यानेच त्या कंपनीला लिहायचं. सोबत ओळखपत्र आणि नवा फोटो."

काम संपल्यावर नसरीन त्यांच्या घरी गेली. दुसऱ्या दिवशी ओसाझेला ती सांगत होती ते मी ऐकलं. मिसेस हेस्केथ यांनी दार उघडलं, चहा दिला, हाताची चौकशी केली. डंकनने माफी मागितलीय म्हटल्यावर म्हणाल्या, त्या बिचाऱ्याची काय चूक. आणि फोटो पाठवायचं म्हटल्यावर म्हणाल्या, एकदा काढला तेवढा पुरे झाला.

"मी भरते सगळं म्हटलं," नसरीन सांगत होती. "फक्त फोटो द्या. तर म्हणतात, तुला कशाला त्रास. या अल्ला! त्रास मला होणार होता का?"

त्या दिवसापासून खांब ओरडले की ओसाझे उठून जायचा आणि पिशवीत बघायचा. लोक कुरकुर करायचे. कुणीतरी वर तक्रार केली, आणि त्याची बदली झाली. मटण नेणारा माणूस त्यानंतर दोनदा येऊन गेला. टोपी डोळ्यांवर होती, कॅमेऱ्याला चेहरा मिळाला नाही.

वर्षाच्या शेवटी टीव्हीवर पुन्हा आकडे आले. चोरी वाढली म्हणणारे आणि नाही म्हणणारे पुन्हा समोरासमोर बसले. त्या आकड्यांत एक कॉफी मिसेस हेस्केथ यांची आहे. तिचे पैसे त्यांनी दिले आणि ती त्यांच्या घरी कुणी प्यायलं नाही. आणखी अशा किती आहेत, हे त्या खुर्च्यांत बसलेल्यांपैकी कुणालाच माहीत नसावं.

मध्यंतरी एकदा क्लिफर्ड स्वतः दुकानात आले. त्यांनी कॉफी उचलली, माझ्यासकट, आणि नसरीनसमोर ठेवली.

"आपली आपणच न्यावी म्हटलं," ते म्हणाले. "ऑलिव्ह आता घरात कॉफी ठेवतच नाही."

"कशा आहेत त्या?"

"बसने जाते. पलीकडच्या गावाला, बाजाराला. या वयात, पावसापाण्यात, दोन पिशव्या घेऊन! मी म्हटलं, दारात दुकान आहे की. तर म्हणते, तिथे चोर फार झालेत, मला भीती वाटते." ते काउंटरवर वाकले. "खरंय का गं? तू इथेच असतेस. इतके वाढलेत का चोर?"

नसरीनने मला लोहचुंबकावर धरलं. कडी सुटली. तिने बरणी बाहेर काढली आणि दोन्ही हातांनी त्यांच्या हातात दिली. खरं सांगावं, तर ऑलिव्हने दिराला न सांगितलेलं सांगावं लागणार. खोटंच 'हो' म्हणावं, तर ऑलिव्हवरचा ठपका नसरीननेच पक्का करायचा.

"त्यांना सांगा, नसरीनने आठवण काढलीय," ती म्हणाली.

"सांगतो की," क्लिफर्ड म्हणाले आणि गेले. खांब ओरडले नाहीत.

मित्रांनो, माझी कडी आता सैल झाली आहे. लवकरच मला टाकून देतील, त्याबद्दल मी काही मागत नाही. पेट्या बनवायच्या तर बनवा, खांब उभे करायचे तर करा. चोर असतात, नसरीनचा हात अजून थंडीत ठणकतो. पण कधी चुकून माझ्यासारखी एखादी पेटी तुमच्या पिशवीतून घरी आली, तर तिला लपवू नका. त्याच पावली परत या. दार अडलं तर अडू दे, मागे रांग लागली तर लागू दे, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगा, की मी पैसे दिले आहेत. आणि तुम्ही रांगेत मागे उभे असाल, तर घड्याळाकडे बघू नका. पुढच्या माणसाचं बोलून होऊ द्या.